बाल्साच्या किटमधून पहिलं रेडिओ कंट्रोल विमान: बेळगाव भागातल्या नवख्यांसाठी

किटमध्ये नकाशा होता आणि नकाशावर पंखाचा एकच भाग छापलेला होता, उजवा. मी तो टेबलावर अंथरला, त्यावर पंख बांधला, वाळल्यावर उचलला आणि त्याच जागी दुसराही बांधला. रात्री साडेअकराला दोन्ही जोडायला हातात घेतले तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझ्याकडे दोन उजवे पंख होते. कसेही फिरवा, उलटे करा, एकाच पायाचे दोन जोडे ते.

दिवसभर उद्यमबागेतल्या कारखान्याच्या शॉपमध्ये हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) धरून मी दुसऱ्यांच्या चुका काढतो, त्यामुळे हे सांगताना लाज वाटते. पण या नादाला लागलो तेव्हा मला सांगणारं जवळ कोणी नव्हतं. व्हिडिओ होते, ते इंग्रजीत, आणि त्यातली माणसं गालिच्यासारख्या हिरवळीवर विमान उतरवायची. आपल्याकडे भाताचे बांध, उसाचे फड आणि आडवी येणारी जनावरं. म्हणून इथलं पाहून लिहितोय.

१. पावसात बांधा, दिवाळीनंतर उडवा

बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर उडवायचं नावच नको. पण घरात बसून बांधायला याच्यासारखा काळ नाही. पंख, धड, शेपूट हे सगळं गणपतीपर्यंत आरामात होतं. फक्त एक पथ्य पाळा. बाल्सा हे फार हलकं आणि तितकंच पाणी पिणारं लाकूड आहे. उघडं ठेवलं तर पावसाळी हवेत चार दिवसांत पापडासारखं वाकतं. बाल्साचे पत्रे सपाट ठेवा, वर वजन ठेवा. माझे गादीखाली असतात.

सांगाड्यावर इस्त्रीने चढवायची प्लास्टिकची फिल्म मात्र पावसात चढवू नका. लाकूड ओलसर असताना चढवली तर पुढे ते सुकून आकसतं आणि ताणून बसवलेल्या फिल्मला सुरकुत्या पडतात. नवरात्रानंतर कोरडं ऊन पडलं की मग ते काम काढा.

२. किट निवडताना पोरांचं ऐकू नका

घरातल्या पोरांना सुखोई पाहिजे असतं. पहिल्या विमानाला पाहिजे ते असं: पंख धडाच्या वर, पंखाची टोकं मधल्या भागापेक्षा उचललेली, खालचा पृष्ठभाग जवळजवळ सपाट, पंखाची टोकापासून टोकापर्यंत लांबी १.२ मीटरच्या आसपास. टोकं उचललेली असली की एक बाजू कलंडली तरी हात सोडल्यावर विमान बरंचसं आपोआप सरळ होतं. नवशिक्याला ही मोठी सोय आहे.

मी तीन चॅनलचं, म्हणजे रिमोटवरून तीन गोष्टी हलवता येणारं घेतलं: थ्रॉटल (मोटरचा वेग), एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी), रडर (डावं-उजवं वळवणारी शेपटीची पट्टी). पंखावर एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पट्ट्या) नाहीत, म्हणजे दोन सर्व्होत (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरांत) काम भागतं आणि पंख बांधणंही सोपं जातं. वजन बॅटरीसकट साधारण ८५० ग्रॅम भरलं.

किट देशातल्या दुकानातूनच मागवा. बाहेरून स्वस्त दिसतं, पण फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुट्या भागांना ती लागू नसली, तरी कस्टमवाल्याला समजावत बसायची हौस कोणाला आहे? आणि एक, लिथियम बॅटरी विमानाने सहसा पाठवत नाहीत, ती रस्त्याने सावकाश येते. सगळ्यात आधी तिचीच ऑर्डर द्या.

३. जागा आणि कागद: लाकूड कापण्याआधी हे बघा

बहुतेक जण हे शेवटी बघतात आणि तिथंच फसतात. आपल्या रिमोटच्या विमानालाही २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. आपलं विमान मायक्रोत बसतं. हौसेसाठी उडवणाऱ्याला मायक्रोला पायलटचा परवाना लागत नाही. पण नोंदणी करून ओळख क्रमांक घेणं आणि तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा काढणं हे नियमात आहे. 'खेळणंच तर आहे' म्हणून सोडू नका.

आता जागा. आपल्या पूर्वेला सांबरा आहे. तिथं विमानतळ आणि शेजारी हवाई दलाचं केंद्र. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, आणि त्याच्या बाहेर हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या भागात ४०० फुटांपर्यंत. सांबरा, बाळेकुंद्री, मुतगा बाजूच्या मित्रांनी म्हणूनच शहर ओलांडून पश्चिमेला यावं. उचगाव, बेळगुंदी, किणये या अंगाला अंतर भरपूर मिळतं. तरी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं शेत नेमकं कुठल्या रंगात येतं ते बघाच, कारण लष्कराच्या जागा लाल असतात आणि बेळगावात लष्कर कुठं नाही? डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला अधिवेशन भरतं. त्या दिवसांत शहराच्या आसपास विमान घेऊन हिंडूच नका. बंदोबस्तातल्या पोलिसाला पंख आणि वायरी दाखवत बसायला कोणाला आवडेल?

पिशवीत मी एवढे कागद ठेवतो: ओळखपत्राची प्रत, नोंदणीची प्रत, विम्याचा कागद, किटचं आणि रिमोटचं बिल. शेतमालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवतो. एकदा बीटवरचा हवालदार येऊन कन्नडात विचारू लागला, तेव्हा "आटद विमान री" (खेळण्यातलं विमान आहे हो) एवढं म्हटलं, बिल दाखवलं, आणि पुढची दहा मिनिटं तोच उडताना बघत उभा राहिला. ते तीन शब्द पाठ करून ठेवा.

४. सामान

विजेचा भाग किटमध्ये नसतो, वेगळा घ्यावा लागतो. माझा संच असा: २२१२ आकाराची १००० केव्हीची ब्रशलेस मोटर, ३० अँपियरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), १० इंची प्रोपेलर म्हणजे पुढचा पंखा (दोन जादा घ्या, लागणारच), ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो, २२०० एमएएचची तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जर, आणि २.४ गिगाहर्ट्झचा सहा चॅनलचा रिमोट रिसीव्हरसकट. मी फ्लायस्काय एफएस-आय६ घेतला. सगळं मिळून किटसह १२-१३ हजारांत बसलं, त्यात मोठा घास रिमोटचा. तो मात्र पुढच्या विमानांनाही चालतो.

इथला सापळा केव्हीचा. जास्त आकडा म्हणजे जास्त ताकद असं वाटतं. तसं नाही. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे मारते. १४०० केव्हीच्या मोटरला १० इंची पंखा लावला तर ती वाजवीपेक्षा जास्त करंट ओढते, तापते आणि ईएससीला घेऊन जाते. जादा केव्हीला लहान प्रोपेलर, कमी केव्हीला मोठा.

हत्यारं बेळगावातच मिळतात. ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड मेडिकलमध्ये. टाचण्या, कपड्यांचे चिमटे, पॉलिश पेपर, गुण्या, स्टीलची पट्टी. गोंद तीन प्रकारचे: पांढरा फेव्हिकॉल, फेव्हीक्विकच्या जातीचा पातळ गोंद, आणि मोटर बसते त्या फळीसाठी दोन ट्यूबचा इपॉक्सी. शिवाय स्वयंपाकघरातला वजनाचा काटा आणि जुनी इस्त्री. जुनी म्हणतोय मी. आईची नेहमीची इस्त्री उचलली तेव्हा जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही.

५. पंख: इथं घाई केली तर पुढे काहीच सरळ होत नाही

सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे सपाट जागा. जेवणाचं टेबल सपाट वाटतं, नसतं. मी फ्लश डोअरचा एक तुकडा आणला, त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून मागे टॉर्च मारला आणि जिथून उजेड झिरपत नाही तेवढाच भाग वापरला. त्यावर नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक. प्लास्टिक विसरलात तर पंख नकाशासकट उचलावा लागेल.

नकाशावर एकच पंख असेल तर आता ऐका. कापसाच्या बोळ्याने नकाशाला गोडेतेल चोळा. कागद पारदर्शक होतो आणि उलटा केला की डावा पंख दिसतो. मला हे दुसऱ्या उजव्या पंखानंतर कळलं. धडाच्या बाजूंनाही हाच नियम आहे: डावी आणि उजवी बाजू आरशातल्यासारखी झाली पाहिजे. दोन्ही फळ्या समोरासमोर ठेवून आतल्या बाजूला पेन्सिलीने 'आत' असं लिहा, मगच गोंद उघडा.

लेसरने कापलेले तुकडे एकदम सगळे सुटे करू नका. लागेल तसा तुकडा काढा, नाहीतर आठवा रिब (पंखाची फासळी) आणि नववा रिब एकमेकांत मिसळतात. आधी सगळं कोरडं जुळवा, गोंदाशिवाय. प्रत्येक रिब स्पारवर (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांडीवर) बसवून गुण्याने काटकोन बघा. बसत नसेल तर दाबू नका, पॉलिश पेपर एकदाच हलका फिरवा. लेसरची काळी कड फेव्हिकॉल नीट धरत नाही, तीही तशीच पुसून घ्या.

दाबायला वजन पाहिजे. आमच्या शॉपमध्ये फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगमधली काही रिजेक्ट निघतात. त्यातली चार-पाच छोटी मालकांना विचारून घरी आणली, कागदात गुंडाळली आणि पंखावर ठेवली. तुमच्याकडे तसलं काही नसेल तर तांदळाची पुडकी चालतात. फेव्हिकॉल रात्रभर वाळू द्या. पातळ गोंदाने दहा मिनिटांत होतं हे खरं, पण त्याने चूकही दहा मिनिटांत कायमची होते. मी मोठे जोड फेव्हिकॉलने आणि छोटे पातळ गोंदाने करतो. कुठं फट राहिलीच तर त्यात खाण्याचा सोडा भरून वर थेंब टाका, दगडासारखं होतं. डोळे मात्र लांब ठेवा, वाफ चांगली झोंबते.

वाळल्यावर पंख उचला आणि मागच्या बाजूने, एक डोळा मिटून बघा. पुढची कड आणि मागची कड एका रेषेत दिसली पाहिजे. एका टोकाला पीळ असेल तर विमान एका अंगाला वळणारच, मग रिमोटवर कितीही ट्रिम (स्टिकच्या मधल्या जागेची बारीक दुरुस्ती) द्या. हा पीळ फिल्म चढवताना काढता येतो, पण किती आहे ते आत्ताच लिहून ठेवा.

६. धड आणि शेपूट

हे पंखापेक्षा सोपं आहे, म्हणून थोडक्यात. शेपटीचा आडवा भाग पंखाशी समांतर आणि उभा भाग त्याच्याशी काटकोनात. लांबून बघत जुळवा, जवळून फसायला होतं. पंखाच्या प्रत्येक टोकापासून शेपटीच्या शेवटापर्यंत दोरा धरून दोन्ही अंतरं मोजा, ती सारखी आली पाहिजेत. मोटरची फळी इपॉक्सीने. नकाशात ती किंचित खाली आणि उजवीकडे झुकलेली दाखवली असेल तर ती चूक नाही, मुद्दाम आहे. आमच्या शॉपमधला एक हुशार मुलगा ती 'सरळ' करून बसला होता.

७. फिल्म

इस्त्रीला जुना सुती मोजा घाला, फिल्मवर ओरखडे येत नाहीत. आधी कमी आचेवर फक्त कडा चिकटवा, नंतर आच वाढवून मधला भाग ताणून घ्या. टाकाऊ तुकड्यावर आच तपासल्याशिवाय पंखाला हात लावू नका. जास्त तापली की भोक पडतं, आणि ते नेमकं दिसेल अशाच जागी पडतं. खालचा भाग आधी, वरचा नंतर. वर पिवळा आणि खाली गडद निळा किंवा काळा घ्या. हौस म्हणून नाही, विमान लांब गेल्यावर सुलटं आहे की उलटं ते रंगावरूनच कळतं. मघाचा पीळ काढायचा तर पंख उलट दिशेला हलका पिळून धरा, दुसऱ्याला इस्त्री फिरवायला सांगा, आणि गार होईपर्यंत सोडू नका.

८. वायरी, आणि प्रोपेलरची गोष्ट

जोडणी चालू असताना प्रोपेलर लावायचाच नाही. १० इंची प्रोपेलर मिनिटाला हजारो फेरे घेतो. माझ्या उजव्या तर्जनीवर तीन टाक्यांची खूण आहे, म्हणून हे वाक्य एकदाच आणि साध्या भाषेत लिहितो. प्रोपेलर शेवटी.

आधी रिमोट चालू करा, मग विमानाची बॅटरी जोडा. बंद करताना उलट. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा. सर्व्हो आधी रिमोटने मधोमध आणा, मगच त्याचा हॉर्न (वरची छोटी दांडी) स्क्रूने बसवा. एलेव्हेटर वर-खाली १० ते १२ मिलिमीटर पुरे, रडर २० ते २५. विमानाच्या मागे उभं राहून स्टिक स्वतःकडे ओढा: एलेव्हेटर वर गेलं पाहिजे. स्टिक उजवीकडे: रडरची मागची कड उजवीकडे. उलटं होत असेल तर रिमोटमधून चॅनल उलटवता येतो. रिमोट अचानक बंद झाला तर मोटर थांबते ना, हेही घरीच तपासा.

बॅटरीचं थोडं. पूर्ण चार्ज म्हणजे १२.६ व्होल्ट, २२०० एमएएचला २.२ अँपियरने चार्ज करा, आणि चार्ज चालू असताना घर सोडून जाऊ नका. मी ती मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करतो. फुगलेली बॅटरी 'अजून चालतेय' म्हणून वापरू नका.

९. तोल: माझं पहिलं विमान इथंच गेलं

नकाशावर तोलाची खूण असते. नसेल तर पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर धरा. माझा पंख २० सेंटिमीटर रुंद, म्हणजे ५० ते ६० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना त्या खुणेखाली एकेक बोट ठेवून विमान उचला. बॅटरी आत पाहिजे, प्रोपेलर पाहिजे, सगळं उडताना असतं तसं. विमान सपाट किंवा नाक किंचित खाली करून राहिलं पाहिजे.

माझी बॅटरी पुढे ठेवली की झाकण बसत नव्हतं. म्हणून ती चार सेंटिमीटर मागे सरकवली आणि म्हणालो, चालतंय. कामावर हा शब्द दुसऱ्या कोणी वापरला तर मी जॉब परत पाठवतो. विमान हातातून सुटलं, नाक वर करून सरळ चढलं, क्षणभर थांबल्यासारखं झालं आणि डाव्या अंगाला कोसळलं. एलेव्हेटर खाली दाबूनही ते ऐकेना, कारण शेपूट जड झालं की स्टिकची जरा हालचालही विमानाला जास्त होते. दोन उजव्या पंखांपासून सुरू झालेली तीन महिन्यांची मेहनत चार सेकंदांत बेळगुंदीच्या लाल मातीत गेली.

झाकण बसत नसेल तर झाकण कापा. तरी जमत नसेल तर नाकात शिसं टाका. बॅटरी मागे नेऊ नका. आडवा तोलही बघा: एक पंख जड वाटला तर हलक्या टोकाला एक खिळा चिकटवा.

१०. हात बसवणं

कॉम्प्युटरवर सिम्युलेटर लावून दोन-तीन आठवडे रोज अर्धा तास. एकच गोष्ट घोटायची आहे: विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं. मी एक खूणगाठ बांधली, जो पंख खाली झुकतो त्याच्याकडे स्टिक ढकलायची. दहा दिवसांत हाताला विचारावं लागत नाही.

११. पहिलं उड्डाण

भात कापून झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, सकाळी सात ते नऊ. धुकं उठतं आणि वारा अजून जागा व्हायचा असतो. दहानंतर जमीन तापली की हवा उचंबळते आणि हलकं विमान नाचायला लागतं. बांध नसलेला गवताळ तुकडा उत्तम. विजेच्या तारा दोनशे मीटर तरी लांब, आणि वारा जिकडे वाहतो त्या बाजूला ऊस नको.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, इथली हवा कोकणापेक्षा सुमारे ७ टक्के विरळ. सावंतवाडीचा मित्र अर्ध्या थ्रॉटलला विमान सोडतो म्हणून तुम्ही सोडू नका. पूर्ण थ्रॉटल द्या.

पहिलं पडल्यानंतरच्या खेपेला मी मित्राला फेकायला उभा केला. वाऱ्याच्या तोंडावर, दोन पावलं धावत, सपाट फेक. वर आभाळाकडे फेकायचं नाही. ते टाळायला त्याला लांबचं एक झाड दाखवून 'तिथं फेक' म्हटलं. तेवढ्यात शेतमालक मामा बांधावर येऊन उभे राहिले. "काय मर्दा, इमान उडवालास व्हय? हरभऱ्यात पाडू नको म्हणजे झालं."

सुटल्यावर ५० मीटर उंची येईपर्यंत सरळ जाऊ द्या, मग थ्रॉटल अर्ध्यावर आणून मोठे, आळशी वळसे. उंचीवर चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो. विमान एका बाजूला ओढत असेल तर ट्रिम द्या. पाच मिनिटांनी खाली आणा, बॅटरीत जीव असताना. उतरतानाही वाऱ्याच्या तोंडावर: थ्रॉटल हळूहळू कमी, आणि जमिनीपासून मीटरभरावर एलेव्हेटर किंचित ओढा. माझं हरभऱ्यापासून सहा पावलांवर थांबलं. मामांनी पावलं मोजली होती.

१२. पडलं तर

पडताना आधी थ्रॉटल शून्य. ऊस असेल तर जागचे हलू नका. जिथं दिसेनासं झालं त्या दिशेला लांबचं झाड किंवा खांब धरून ठेवा आणि मित्राला त्या रेषेत पाठवा. दहा फूट उसात शिरल्यावर दिशा कळत नाही. बॅटरीला लावायचा आवाजाचा छोटा अलार्म दोन-तीनशे रुपयांना मिळतो. बॅटरी उतरली की तो ओरडायला लागतो, आणि उसात त्याच्याच आवाजावर चालायचं.

सापडलं की आधी बॅटरी काढा. मग पिशवी उघडा आणि सगळे तुकडे वेचा, काडीएवढेसुद्धा. बाल्सा मोडतो तो दातरे ठेवून, आणि तेच दातरे परत एकमेकांत बसतात. नवा तुकडा कापून घातलात तर पंख दोन मिलिमीटर आखूड होतो. घरी गेल्यावर बॅटरी प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, कारण पंख जुळवायला निदान दोन रविवार जाणार आहेत.